ग्राफिक्स कार्ड वरच्या लांब स्लॉटमध्ये लावावे की खालच्या?

ताई, तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक असेल तर तुम्हाला ती लगेच दिसेल. आर्णी तालुक्यातल्या तुमच्या गावी तुमचे यजमान लग्नांचे चित्रीकरण करतात आणि एडिटिंग तुम्ही घरी करता. संगणकात बी४५० चिपसेटचा (चिपसेट म्हणजे डिस्क, यूएसबी वगैरे भाग प्रोसेसरशी जोडणारी बोर्डावरची चिप) पूर्ण आकाराचा मदरबोर्ड आहे आणि १२ जीबीचे आरटीएक्स ३०६० कार्ड आहे. मे महिन्यात वरच्या स्लॉटमधल्या कार्डाचे तापमान ८३ अंशांपर्यंत जाऊ लागले, म्हणून कोणाच्या तरी सल्ल्याने तुम्ही ते खालच्या लांब स्लॉटमध्ये हलवले. तापमान पाच-सहा अंशांनी उतरले, पण तेव्हापासून दोन कॅमेऱ्यांचे ४के फुटेज टाइमलाइनवर अडखळते आणि एक्स्पोर्टलाही जास्त वेळ लागतो. दोन्ही स्लॉट सारखेच लांब आहेत, कार्ड दोन्हींत नीट बसते, चित्रही येते; मग फरक कशामुळे पडला आणि उन्हाळ्यात कार्ड ठेवावे कुठे, असे तुम्ही विचारले आहे.

कार्ड वरच्या, म्हणजे प्रोसेसरच्या सर्वांत जवळच्या लांब स्लॉटमध्येच ठेवावे, हे माझे उत्तर आहे. तापमानाचा प्रश्न खरा आहे आणि तो सोडवायलाच हवा, पण तो स्लॉट बदलून सुटत नाही. एका अडचणीच्या जागी दुसरी अडचण येते, इतकेच होते. पांढरकवड्याला माझे संगणक दुरुस्तीचे दुकान आहे आणि सुरुवातीच्या काळात मी स्वतः एका फोटो स्टुडिओवाल्यांचे कार्ड याच कारणाने खालच्या स्लॉटमध्ये लावून दिले होते. त्यांनी दोन महिने कामाचा खोळंबा सोसला आणि दोष सॉफ्टवेअरचा समजून ते दोनदा काढून पुन्हा टाकले. ती चूक माझी होती आणि तेव्हापासून मी मदरबोर्डचे मॅन्युअल पाहिल्याशिवाय कोणाचेही कार्ड लावत नाही.

स्लॉटची लांबी एवढेच सांगते की त्यात किती लांब कडेचे कार्ड शिरेल. आत किती तारा जोडलेल्या आहेत आणि त्या कुठे जातात, हे लांबीवरून कळत नाही. आपल्याकडच्या बाजार समितीच्या यार्डाचे फाटक डोळ्यांपुढे आणा. फाटक कितीही रुंद बांधले तरी आत काट्याकडे जाणारा रस्ता एका गाडीचाच असेल, तर कापसाच्या गाड्यांची रांग तशीच लागते. तुमच्या बोर्डाच्या खालच्या स्लॉटचे तसेच आहे. लेन म्हणजे माहितीच्या ये-जा करण्याची एक वाट. त्या स्लॉटचा साचा सोळा लेनचा, पण आत जोडलेल्या लेन बहुधा चारच. मॅन्युअलमध्ये हे ‘एक्स१६ स्लॉट, एक्स४ पद्धतीने चालतो’ अशा अर्थाच्या एका ओळीत लिहिलेले असते आणि ती ओळ सहसा कोणी वाचत नाही.

दुसरी गोष्ट पिढीची. पीसीआय एक्सप्रेस म्हणजे या स्लॉटांच्या जोडणीची पद्धत. तिच्या दुसऱ्या पिढीत एका लेनमधून एका दिशेने सेकंदाला ५०० एमबी माहिती जाऊ शकते, तिसऱ्या पिढीत सुमारे ९८५ एमबी आणि चौथ्या पिढीत त्याच्या दुप्पट. तुमचे कार्ड चौथ्या पिढीचे आणि सोळा लेनचे आहे. बी४५० बोर्डाचा वरचा स्लॉट तिसऱ्या पिढीचा आहे, म्हणून तिथे ते तिसऱ्या पिढीच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला जवळजवळ १६ जीबीने चालते. यात कार्डाचे काही बिघडत नाही, कारण जुन्या-नव्या पिढ्या एकमेकींशी जुळवून घेतात आणि दोहोंतला जो कमी वेग असेल तो धरतात. खालचा स्लॉट मात्र प्रोसेसरला जोडलेला नसून चिपसेटला जोडलेला असतो, आणि बी४५० चिपसेट स्वतःकडून ज्या लेन देतो त्या दुसऱ्या पिढीच्या आहेत. चार लेन, प्रत्येकी ५०० एमबी, म्हणजे कागदावर सेकंदाला २ जीबी. प्रत्यक्षात त्याहूनही कमी मिळते. कार्ड एका स्लॉटमधून दुसऱ्यात हलवल्यावर त्याचा रस्ता एक अष्टमांश झाला.

अडचण तेवढ्यावर थांबत नाही. चिपसेटकडून प्रोसेसरकडे जाणारा रस्ता एकच आहे, तिसऱ्या पिढीच्या चार लेनचा, म्हणजे ४ जीबीपेक्षा थोडा कमी. साटा केबलने जोडलेल्या हार्ड डिस्क, लॅन आणि यूएसबीची बरीच तोंडे याच रस्त्याने जातात. तुम्ही कॅमेऱ्याचे कार्ड यूएसबी रीडरमध्ये ठेवून किंवा साटा डिस्कवरून थेट फुटेज वाजवत असाल, तर ते फुटेज आणि ग्राफिक्स कार्डाची ये-जा यांची एकाच वाटेवर गर्दी होते.

आता कोणी म्हणेल की व्हिडिओची फाइल तर लहानच असते, तिला १६ जीबीचा रस्ता कशाला हवा? ही शंका योग्य आहे, आणि तिचे उत्तर स्लॉटमधून नेमके काय जाते यावर अवलंबून आहे. कॅमेऱ्याने १०० एमबीपीएसने, म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिटने, नोंदवलेले फुटेज म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी, कारण आठ बिटांचा एक बाइट होतो. ते तसेच दाबलेल्या स्वरूपात कार्डापर्यंत गेले आणि कार्डाने स्वतःच उलगडले, तर खालचा स्लॉटही पुरून उरतो. पण प्रोसेसरने ते उलगडले आणि पूर्ण फ्रेम कार्डाकडे पाठवल्या, तर गणित बदलते. ४के फ्रेममध्ये ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख पिक्सेल असतात. एका पिक्सेलला ४ बाइट धरले, तर एक फ्रेम ३३ एमबीची झाली, आणि सेकंदाला २५ फ्रेम म्हणजे सुमारे ८३० एमबी. दोन कॅमेऱ्यांचे फुटेज एकाच वेळी चालवले की १६६० एमबी. खालच्या स्लॉटची कागदावरची मर्यादाच २००० एमबी आहे. रंगसंस्कार लावताना सॉफ्टवेअर अधिक अचूकतेसाठी पिक्सेलला १६ बाइटपर्यंत जागा देते. अशा फ्रेमची ये-जा स्लॉटमधून होऊ लागली, तर तुमची टाइमलाइन अडखळणारच. एक्स्पोर्ट करताना तयार फ्रेम कार्डाकडून परत आणण्याचीही वेळ येते, आणि तो भार वेगळा.

तुमच्या बाबतीत हे घडत असण्याचा मला दाट संशय आहे, आणि त्याचे कारण कॅमेऱ्यात आहे. अलीकडचे बरेच मिररलेस कॅमेरे १०-बिट ४:२:२ पद्धतीने, म्हणजे ८-बिट ४:२:० पेक्षा रंगांची जास्त माहिती राखून, नोंदवतात, आणि आरटीएक्स ३० मालिकेच्या कार्डांना ४:२:२ फुटेज स्वतः उलगडता येत नाही. तो भार प्रोसेसरवर पडतो आणि उलगडलेल्या फ्रेम स्लॉटमधून कार्डाकडे जातात. जुन्या पद्धतीचे ८-बिट ४:२:० फुटेज असेल, तर तेच कार्ड ते सहज उलगडते. म्हणून यजमानांना विचारून कॅमेऱ्याच्या मेनूमध्ये नोंदणीची पद्धत कोणती आहे ते एकदा पाहून घ्या. एकाच घरातल्या दोन कॅमेऱ्यांपैकी एकाचे फुटेज लोण्यासारखे चालते आणि दुसऱ्याचे अडते, असेही मी पाहिले आहे.

यात सॉफ्टवेअरचाही वाटा आहे, आणि तुम्ही कोणते वापरता ते लिहिलेले नाही. आपल्या भागात लग्नाच्या एडिटिंगला अजून एडियस पुष्कळ चालते, आणि ते बरेच काम प्रोसेसरकडूनच करून घेते. तिथे स्लॉटचा फरक कमी जाणवेल. दाविंची रिझॉल्व्ह जवळजवळ सगळा भार ग्राफिक्स कार्डावर टाकते, तिथे तो ठळकपणे जाणवेल. ब्लेंडरसारख्या कामात दृश्य एकदा कार्डाच्या स्मृतीत गेले की पुढची आकडेमोड आतल्या आतच चालते, म्हणून त्या कामासाठी चार लेनही बहुधा पुरतात. त्यामुळे ‘माझे कार्ड खालच्या स्लॉटमध्ये आहे आणि मला काहीच फरक पडला नाही’ असे कोणी सांगितले, तर ते खोटे असेलच असे नाही. त्यांचे काम वेगळे असू शकते.

प्रोसेसर कोणता आहे, हेही तुमच्या प्रश्नात नाही, आणि वरच्या स्लॉटच्या बाबतीत ते महत्त्वाचे आहे. रायझन ५ ३६०० किंवा ५६०० असेल, तर वरच्या स्लॉटला पूर्ण सोळा लेन मिळतात. पण रायझन ३ ३२००जी किंवा रायझन ५ ३४००जी असेल, तर त्या प्रोसेसरकडे ग्राफिक्स कार्डासाठी आठच लेन आहेत आणि वरचा स्लॉट आठ लेनवरच चालेल. त्याने घाबरू नका. तिसऱ्या पिढीच्या आठ लेन म्हणजे सुमारे ८ जीबी, तुमच्या सध्याच्या अवस्थेच्या चौपट. शिवाय ५६०० हा प्रोसेसर स्वतः पीसीआय एक्सप्रेसच्या चौथ्या पिढीचा असला, तरी बी४५० बोर्डावर तिसऱ्या पिढीच्याच वेगाने चालेल, म्हणून केवळ त्यासाठी प्रोसेसर बदलण्यात अर्थ नाही.

आता हे सगळे माझ्या सांगण्यावर विसंबून न राहता स्वतः तपासून पाहा. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये ‘सिस्टम इन्फर्मेशन’ उघडले की ‘बस’ या शब्दापुढे किती लेन आणि कोणती पिढी ते दिसते. जीपीयू-झेड नावाची लहानशी मोफत उपयोगिका आहे, तिच्यात ‘बस इंटरफेस’ या चौकटीत आधी कार्डाची क्षमता आणि नंतर सध्या चालू असलेला वेग दाखवतात. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा: संगणक निवांत असताना कार्ड वीज वाचवण्यासाठी पिढीचा वेग खाली आणते आणि तिथे १.१ असा आकडा दिसतो. तो दोष नाही. चौकटीशेजारच्या प्रश्नचिन्हावर टिचकी मारून कार्डाला थोडे काम द्या, आकडा वर चढेल. लेनची संख्या मात्र साधारणतः तीच राहते, आणि तुम्हाला पाहायची आहे ती तीच. तुमच्या इथे आज चार लेन आणि पिढी २.० दिसेल, असा माझा अंदाज आहे.

संगणक उघडलेलाच असेल, तर नुसत्या डोळ्यांनीही कळते. टॉर्चच्या उजेडात रिकाम्या स्लॉटच्या आत पाहा. खऱ्या सोळा लेनच्या स्लॉटमध्ये या टोकापासून त्या टोकापर्यंत सोनेरी पिना असतात, एकूण १६४. चारच लेन जोडलेल्या लांब स्लॉटमध्ये बऱ्याचदा पहिल्या भागातच पिना असतात आणि पुढचा भाग रिकामा प्लास्टिकचा असतो, कारण चार लेनला ६४ पिना पुरतात. काही बोर्डांवर स्लॉटशेजारी इंग्रजीत एक्स१६ किंवा एक्स४ असे बारीक अक्षरांत छापलेलेही असते. वरच्या स्लॉटला धातूचे आवरण असेल, तर बोर्ड बनवणाऱ्याने कार्ड तिथेच अपेक्षिले आहे असे समजा, मात्र केवळ आवरणावरून निर्णय करू नका. सजावटीसाठी दोन्ही स्लॉटना आवरण दिलेले बोर्डही मी पाहिले आहेत.

कार्ड हलवताना संगणक बंद करून वीजपुरवठ्याची तार भिंतीतून काढा आणि नंतर चालू करण्याचे बटण दोन-चार सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून मगच कार्डाला हात घाला. स्लॉटच्या टोकाचा खटका दाबल्याशिवाय कार्ड ओढू नका. खटका तुटला तर स्लॉट चालतो, पण पुढे जड कार्ड तिथे सैल राहते. कार्डाच्या सोनेरी कडेवर धूळ किंवा काळपट थर दिसला, तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने कापड ओले करून हलक्या हाताने पुसा. गेल्या हंगामात जिनिंगजवळच्या एका फ्लेक्सवाल्यांचे कार्ड योग्य स्लॉटमध्ये असूनही चारच लेनवर चालत होते. स्लॉटमध्ये कापसाचे बारीक तंतू जाऊन बसले होते, ते मऊ ब्रशने काढल्यावर सोळाच्या सोळा लेन परत आल्या. म्हणून वर हलवल्यावरही लेन कमी दिसल्या, तर स्लॉट खराब झाला असे लगेच ठरवू नका.

कार्ड बसले की मागच्या पट्टीचा स्क्रू घट्ट करा आणि एसएमपीएसमधून, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यातून, येणारी आठ पिनांची केबल जोडा. स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात आणि आठ पिनांच्या केबलमधून १५० वॅट. तुमच्या कार्डाची भूक १७० वॅटची आहे, त्यामुळे ही केबल नसेल तर ते चालणारच नाही. एनव्हिडियाने या कार्डासाठी ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवला आहे. साटाच्या जोडावरून ग्राफिक्स कार्डाची केबल करून देणारे स्वस्त अडॉप्टर बाजारात मिळतात, ते कृपया वापरू नका. साटाचा जोड १२ व्होल्टवर ५४ वॅटपुरता बनवलेला आहे, आणि असे वितळलेले जोड माझ्या दुकानात आलेले आहेत. शेवटी मॉनिटरची केबल कार्डाच्याच तोंडात लावा, मदरबोर्डच्या नाही. ही गोष्ट किरकोळ वाटते, पण खेड्यांवरून ‘कार्ड बिघडले’ म्हणून आणलेल्या कितीतरी संगणकांत केबल चुकीच्या तोंडात निघते.

आता तापमानाकडे येतो, कारण तुमची मूळ चिंता ती होती आणि ती योग्य होती. आरटीएक्स ३०६० साठी एनव्हिडियाने ९३ अंश ही कमाल मर्यादा दिली आहे, म्हणजे ८३ अंशांना कार्ड जळणार नव्हते, पण दिवसाचे आठ-दहा तास त्या तापमानावर काम करणे मलाही आवडत नाही. कॅबिनेटच्या आतली हवा खोलीतल्या हवेपेक्षा थंड कधीच होऊ शकत नाही. बाहेर पारा ४५ अंशांच्या आसपास आणि टिनाच्या छपराखालच्या खोलीत ३९-४० अंश असतील, तर हिवाळ्यात ६५ वर चालणारे कार्ड ८० ओलांडणार, हे साधे गणित आहे. खालच्या स्लॉटमध्ये ते पाच-सहा अंश कमी राहिले, त्यामागे दोन कारणे संभवतात. एक तर प्रोसेसरच्या उष्णतेपासून ते दूर गेले, आणि दुसरे म्हणजे अपुऱ्या लेनमुळे ते पुरेसे काम करतच नव्हते. रांगेत उभा असलेला हमाल घामाघूम होत नाही.

माझ्या अनुभवात सगळ्यात मोठा फरक हवेच्या वाटेने पडतो. तुमच्या कॅबिनेटचा पुढचा भाग काचेचा किंवा बंद प्लास्टिकचा असेल, तर उन्हाळ्यापुरता तो काढून ठेवा आणि तापमान पाहा. त्यानेच पाच-सहा अंश उतरले, तर उपाय तुमच्या हाती आला. जाळीच्या तोंडाचे कॅबिनेट घ्यावे किंवा त्याच तोंडाला जाळी बसवून घ्यावी. पुढून दोन पंखे हवा आत घेणारे आणि मागून एक बाहेर टाकणारा, एवढे पुष्कळ झाले. पंख्यांची दिशा एकदा कागदाचा कपटा धरून तपासा, कारण उलटे लावलेले पंखे मी दर उन्हाळ्यात पाहतो. कार्डाच्या पंख्यांखालची जागा मोकळी राहू द्या. तिथे केबलांचा गुंता असेल, तर तो बांधून बाजूला घ्या.

दुसरा उपाय पैसे न लागणारा आहे. एमएसआय आफ्टरबर्नर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये कार्डाची वीजमर्यादा ८० टक्क्यांवर आणली, तर १७० वॅटऐवजी १३६ वॅटचीच उष्णता बाहेर पडते. वेगातली घट एडिटिंगच्या कामात क्वचितच जाणवते, आणि मी स्वतः एप्रिल ते जून माझ्या दुकानातले कार्ड असेच चालवतो. पावसाळा लागला की मर्यादा पुन्हा वर नेता येते.

खोलीतल्या कुलरविषयी मात्र सावध राहा. त्याचा झोत थेट संगणकावर येऊ देऊ नका. आपल्याकडच्या बोअरचे पाणी क्षारांचे असते आणि कुलरच्या ताट्यांवरून उडालेले बारीक तुषार बोर्डावर व स्लॉटवर पांढरा थर सोडतात. असा थर बसलेले बोर्ड दुरुस्तीला येतात तेव्हा त्यांचे आयुष्य बहुधा संपत आलेले असते. कुलर खोली थंड करण्यासाठी वापरा आणि हवा बाहेर जायला समोरची खिडकी उघडी ठेवा, म्हणजे दमटपणा साचत नाही. कापसाच्या हंगामात, साधारण दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत, दर महिन्याला ब्लोअरने धूळ काढा, पण कार्डाचे पंखे बोटाने धरून ठेवा. हवेच्या जोराने ते भन्नाट फिरू देऊ नयेत.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर स्लॉट, कार्ड सगळे बाजूला ठेवून आधी अर्थिंग करून घ्या. गावातल्या अनेक घरांत तीन पिनांचे सॉकेट असते, पण तिसऱ्या पिनेमागे तारच नसते. लाइन वारंवार जाते तिथे यूपीएसही हवा. एक्स्पोर्टच्या मध्यात वीज गेली, तर नुसती फाइल जात नाही, डिस्कही दगावू शकते.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी थोडे लिहितो, कारण प्रत्येकाकडे बी४५० नसणार. काही महागड्या बोर्डांवर दोन्ही लांब स्लॉट प्रोसेसरला जोडलेले असतात आणि दोन्ही भरले की आठ-आठ लेन वाटून घेतात; तिथे खालच्या स्लॉटमध्ये दुसरे काही लावले, तर वरच्या कार्डाच्या लेन कमी होतात. काही बोर्डांवर ठरावीक एम.२ स्लॉटमध्ये एसएसडी बसवल्यानेही तसे घडते. याची नोंद मॅन्युअलमध्ये असते. आणि सगळीच कार्डे सोळा लेनची नसतात: आरएक्स ६६०० आणि आरटीएक्स ४०६० आठ लेनची आहेत, तर आरएक्स ६५०० एक्सटी चारच लेनचे. हे शेवटचे कार्ड चौथ्या पिढीच्या बोर्डावर ठीक चालते, पण जुन्या बोर्डावर त्याच्या चार लेनचा वेग निम्मा किंवा पावपट होतो, आणि त्याची स्मृती सहसा ४ जीबीचीच असल्याने ती भरली की सारा भार स्लॉटवर येतो. इंटेलच्या दुसऱ्या पिढीच्या प्रोसेसरचे जुने कार्यालयीन संगणक घेऊन त्यांत हे कार्ड लावायला बरीच मुले येतात. मी त्यांना सोळा लेनचे जीटीएक्स १६५० सुचवतो, कारण त्या संगणकातला सर्वांत चांगला स्लॉटसुद्धा दुसऱ्या पिढीचाच आहे आणि तिथे लेनची संख्याच कामी येते. त्याचे ७५ वॅटचे, वेगळी केबल न लागणारे रूपही मिळते. ते घेताना मात्र कॅबिनेटची उंची मोजून घ्या, आणि संगणकाच्या कागदपत्रांत त्या स्लॉटला ७५ वॅट मिळतात का ते पाहा. काही लहान कार्यालयीन संगणकांत ही मर्यादा त्याहून कमी ठेवलेली असते.

ताई, कार्ड वर नेल्यावर तीच दोन कॅमेऱ्यांची टाइमलाइन पुन्हा चालवून पाहा. ती सुरळीत झाली, तर दोष स्लॉटचाच होता. लेन सोळा किंवा आठ दिसत असूनही ती अडखळत राहिली, तर मग प्रोसेसर ४:२:२ फुटेज उलगडताना दमतो आहे असे समजा. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर १०० टक्क्यांजवळ आणि कार्ड निवांत दिसेल. अशा वेळी एडिटिंगपुरत्या फुटेजच्या हलक्या प्रॉक्सी प्रती करून काम करा, किंवा यजमानांना ज्या प्रसंगांत रंगसंस्कार फारसा करायचा नाही, ते ८-बिट ४:२:० मध्ये नोंदवायला सांगा. तुळशीच्या लग्नानंतरचा हंगाम सुरू होण्यापूर्वी एखाद्या जुन्या लग्नाचे फुटेज घेऊन ही चाचणी करून ठेवलेली बरी, कारण त्यानंतर तुम्हाला संगणक उघडायला वेळ मिळणार नाही.

खालचा स्लॉट रिकामा राहील, पण तो वाया जाणार नाही. दोन जीबीचा रस्ता ग्राफिक्स कार्डाला अपुरा असला, तरी जुन्या कॅसेटवरची लग्ने उतरवून घेण्याच्या कॅप्चर कार्डाला किंवा अडॉप्टरवर बसवलेल्या जास्तीच्या एनव्हीएमई एसएसडीला तो पुरेसा आहे. एवढे पाहा की तिथे लावलेली वस्तू ग्राफिक्स कार्डाच्या पंख्यांना चिकटून येत नाही, आणि तो स्लॉट वापरल्याने शेजारचे लहान स्लॉट बंद पडतात का, हे मॅन्युअलच्या त्याच पानावर वाचून घ्या.